मदत हवी आहे : मामांची जुनी गिब्सन गिटार विकायची आहे

मंडळी, वेंगुर्ल्याच्या घरी मामांची गिब्सन ईएस-१७५ आहे. मामा बोटीवर होते, तिथूनच आणलेली. पोकळ बॉडी, दोन एफ-होल (‘f’च्या आकाराची भोकं), आत नारिंगी लेबल, पण नंबर अर्धवट पुसलाय. आमच्याकडे पावसात चपलांनाही बुरशी येते, ही मात्र केसमध्ये नव्यासारखी राहिली!

हे मॉडेल १९४९ला आलं आणि १९५७पासून त्याला हंबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, दोन कॉइलचे, खरखर कमी करणारे) लागले. हिला हंबकरच आहेत. त्यांच्या खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’चा स्टिकर निघाला तर भाव बराच चढतो. तो बघायला पिकअप स्वतः उघडू का? मला तर स्क्रूला हात लावायचीही भीती वाटते. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात असं काम जाणणारा खात्रीचा माणूस कोणी सुचवेल का?