नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं नाही हो

एका भाऊंनी लिहिलंय की बँकेत नॉमिनी लावलाय, आता मृत्युपत्र कशाला. आमच्या घरात पण हेच म्हणत होते बघा. नॉमिनी मालक होत नाही, तो नुसता पैसे ताब्यात घेणारा, हक्क वारसांचाच राहतो. आमचे काका गेले तेव्हा शेत कर्नाटकात खानापूरकडं, फ्लॅट कोल्हापुरात, म्हणजे इकडं कन्नडमधला जमिनीचा उतारा नि तिकडं सगळं वेगळं, काकू बिचारी दोन्हीकडं फेऱ्या मारून दमली आणि त्यात दोन्ही चुलतभावांचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे. त्याचं फार वाईट वाटतं मला.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं, फक्त आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून टाका, नंतर कुणी खोटं म्हणायला नको. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा लहान वयाचे घ्या.

आणि लेकींना विसरू नका. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच वाटा आहे, कर्नाटकात तर हा कायदा 1994 लाच आला, देशभर 2005 ला. त्यामुळं वडिलार्जितातला फक्त स्वतःचा हिस्साच मृत्युपत्रात लिहिता येतो, अख्खं शेत नाही. आधी उताऱ्यावर नावं कुणाची आहेत ते बघा, उतारा कन्नडमध्ये असला तर कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या, पुष्कळांच्या उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत.