स्टेशनचा मालक कोण, याने फरक पडतो का? अमेरिकेतली 1995 ची रद्द झालेली करसवलत

पाणवठा:
अमेरिकेत रेडिओ-टीव्हीचे परवाने देणाऱ्या एफसीसीने 1978 मध्ये एक योजना आणली होती. कुणी आपलं स्टेशन अल्पसंख्याकांच्या (कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळ अमेरिकी) ताब्यातल्या कंपनीला विकलं, तर विक्रीच्या नफ्यावरचा कर त्याला पुढे ढकलता यायचा. अनुदान नाही, राखीव जागा नाहीत. ज्यांना बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या, त्यांना सौद्यात घासाघीस करायला काहीतरी हाती आलं. योजना सुरू झाली तेव्हा शंभरातलं एक स्टेशनही अल्पसंख्याकांच्या मालकीचं नव्हतं. 1995 पर्यंत प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि त्याच वर्षी काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) योजना मोडीत काढली. पुढच्या वर्षीच्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यायची यावरचं बंधनही उठवलं. आधी 40 ची मर्यादा होती. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकट्या कंपनीकडे बाराशेच्या घरात स्टेशनं जमा झाली.

माझं मत स्पष्ट आहे: या दोन निर्णयांनी कृष्णवर्णीय वस्त्यांचा आवाज दाबला. आजही फुल-पॉवर (पूर्ण क्षमतेच्या) टीव्ही स्टेशनांपैकी 3 टक्केसुद्धा कृष्णवर्णीयांच्या मालकीची नाहीत.

मालक आपला नसला की काय होतं हे मिसिसिपीतल्या जॅक्सनने भोगलंय. 1955 मध्ये एनबीसी या देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर थर्गुड मार्शल (पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश) बोलत असताना तिथल्या डब्ल्यूएलबीटी स्टेशनने 'तारेत बिघाड, क्षमस्व' अशी पाटी लावून दिली. तार धडधाकट होती. त्या भागातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. 1964 मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एव्हरेट पार्कर यांनी स्वयंसेवकांकडून आठवडाभराचं प्रक्षेपण गुपचूप टिपून घेतलं आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. एफसीसीचं उत्तर काय? प्रेक्षकांना हरकत घेण्याचा अधिकारच नाही! तो अधिकार 1966 मध्ये अपील कोर्टाने दिला, आणि 1969 मध्ये परवानाही रद्द ठरवला.

हिशेबनीस:
असहमत. योजना का रद्द झाली ते तुम्ही सांगितलंच नाहीत. व्हायाकॉम या माध्यम कंपनीला आपला केबल टीव्हीचा धंदा सुमारे 2.3 अब्ज डॉलरला विकायचा होता. खरेदीदार म्हणून पुढे आले फ्रँक वॉशिंग्टन, म्हणजे 1978 चं धोरण आखणाऱ्यांपैकीच एक. पैशाचं पाठबळ टीसीआय या केबलमधल्या बड्या कंपनीचं. व्हायाकॉमचा कोट्यवधी डॉलरचा कर लांबणीवर पडणार होता. यात जॅक्सनच्या प्रेक्षकाला काय मिळणार होतं? नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा, फायदा तिसऱ्याचा.

दुसरं, तुमचं जॅक्सनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे न्याय मिळाला तो प्रेक्षकांनी कोर्टात जाऊन. मालकाच्या वर्णाचा तिथे संबंध आला नाही. मालक कृष्णवर्णीय म्हणजे बातम्या वस्तीच्या, हे गृहीतकच कच्चं आहे. त्यालाही जाहिरातदार हवेच असतात.

रानवारा:
हिशेबनीस, मग बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' कशासाठी काढलं? पहिल्याच अंकात त्यांनी लिहून ठेवलंय की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध बघतात, इतरांची पर्वा करत नाहीत. दुसऱ्यांच्या छापखान्यातून न्याय मिळाला असता तर हा खटाटोप कशाला केला असता त्यांनी?

आणि जवळचं सांगते. इथे अमेरिकेत आमच्या गावात एका एएम रेडिओ स्टेशनवर रविवारी सकाळी मराठी तास असायचा. मराठी मंडळातली माणसं वेळ विकत घेऊन चालवायची. कुणाकडे बारसं, कुणाचे आईवडील पुण्याहून आलेत, व्हिसाच्या नियमात काय बदललं, सगळं त्यात. स्टेशन विकलं गेलं आणि नव्या मालकाने बाहेरून तयार होऊन येणारे कार्यक्रम लावले. आम्ही पैसे भरायला तयार होतो, पण बोलायला समोर माणूसच नव्हता. आपण सुस्थितीतले, आपलं काही फार अडलं नाही. ज्या वस्तीत वादळाचा इशारासुद्धा स्पॅनिशमध्ये तेवढ्या एकाच स्टेशनवर येतो, तिथे काय होत असेल?

नेटकर:
रेडिओवर भांडून काय उपयोग? आज फोन हातात असलेला कुणीही चॅनेल काढतो, परवाना लागत नाही. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा खून जगाने पाहिला तो एका सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर टिपला म्हणून. कुठल्याही स्टेशनमालकाची परवानगी तिला लागली नाही. सरकारने मध्ये पडू नये, तंत्रज्ञान आपोआप दारं उघडतं.

पाणवठा:
नेटकर, दारं आपोआप उघडत नाहीत, कुणीतरी उघडतं किंवा बंद करतं. 2016 मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की फेसबुकवर घराची जाहिरात देताना ती कृष्णवर्णीयांना, लॅटिनोंना, आशियाईंना दिसू नये अशी निवड करता येत होती. 1968 च्या गृहनिर्माण कायद्याने वर्तमानपत्रात जे छापायला बंदी आहे, ते इथे चौकटीत टिचकी मारून जमत होतं. सरकारने 2019 मध्ये कारवाई केली, 2022 मध्ये तडजोड होऊन जाहिराती दाखवण्याची पद्धत बदलावी लागली. सरकार मध्ये पडलं म्हणूनच.

हिशेबनीस, व्हायाकॉमचा सौदा वाईट होता, मान्य. पण सवलतीला कमाल रक्कम ठरवायची, खरेदीदाराने काही वर्षं स्टेशन विकायचं नाही अशी अट घालायची. ते न करता तीनशेहून जास्त सौदे घडवणारी योजना एका सौद्यासाठी गाडून टाकली, ती पूर्वलक्षी तारखेने.

मृगनक्षत्र:
मालकीच्या आधी तारेचं, म्हणजे इंटरनेट जोडणीचं बोला. ऑगस्ट 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सलिनासचा एक फोटो देशभर फिरला: दोन लहान मुली टॅको बेलच्या बाहेर फरशीवर लॅपटॉप घेऊन बसल्यात, शाळेसाठी तिथलं वायफाय वापरताहेत. सलिनास हे शेतमजुरांचं, बहुसंख्य लॅटिनो गाव. सिलिकॉन व्हॅली तिथून गाडीने तासाभरावर.

त्यानंतर 2021 च्या कायद्यात इंटरनेटच्या बिलासाठी गरीब घरांना महिना 30 डॉलर, आदिवासी जमिनींवर 75 डॉलर अशी मदत आली. 14.2 अब्ज डॉलरची तरतूद होती आणि 2 कोटी 30 लाखांहून जास्त घरांनी नाव नोंदवलं. पैसे संपले, काँग्रेसने आणखी दिले नाहीत आणि 1 जून 2024 ला योजना बंद पडली. ज्या घरात महिन्याला तीस डॉलर म्हणजे औषध की इंटरनेट असा प्रश्न आहे, तिथे चॅनेल काढण्याच्या गप्पा कुणाशी करायच्या?

हिशेबनीस:
मृगनक्षत्र, तुमच्याशी पूर्ण सहमत, आणि माझा मुद्दाही हाच आहे. ती योजना उत्पन्न बघत होती, वर्ण नाही. गरीब गोऱ्या घरालाही मिळत होती. म्हणून तिला दोन्ही पक्षांत पाठिंबा होता. सरकारच्या वर्णावर आधारलेल्या धोरणांना अतिशय कडक कसोटी लावणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या अडारँड निकालानंतर असं धोरण कोर्टात टिकवणं फार कठीण आहे. जे टिकणारच नाही त्यासाठी किती वर्षं घालवायची?

रानवारा:
उत्पन्न बघून सगळं भागत नाही. 2022 मध्ये द मार्कअप या तंत्रज्ञानावरच्या वृत्तसंस्थेने मोठ्या कंपन्यांचे इंटरनेटचे दर पत्त्यागणिक तपासले. सारख्याच पैशात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांना मंद वेग मिळत होता, आणि 1930 च्या दशकात कर्जासाठी 'धोक्याच्या' म्हणून नकाशावर लाल रंगवलेल्या वस्त्यांशी या मंद वेगाच्या वस्त्या जुळत होत्या. तिथला माणूस पूर्ण बिल भरतोय हो. त्याला तीस डॉलरची मदत देऊन वेग वाढणार नाही.

पाणवठा:
आणि 'सगळ्यांना सारखा नियम' म्हणतानाही पुरावा कुणी गोळा करायचा हा प्रश्न उरतोच. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने एफसीसीला स्टेशनांच्या मालकीची बंधनं सैल करायला एकमताने मान्यता दिली. एफसीसीचं म्हणणं होतं की यामुळे अल्पसंख्याकांच्या मालकीला धक्का बसेल असं उपलब्ध माहितीवरून दिसत नाही. माहिती तुटपुंजी होती, कारण नीट जमवण्याचं काम वर्षानुवर्षं झालंच नाही. प्रोमिथियस रेडिओ प्रोजेक्ट या छोट्या, स्थानिक रेडिओंसाठी झटणाऱ्या संस्थेची माणसं सतराएक वर्षं याच मुद्द्यावर कोर्टात लढत होते.

हिशेबनीस:
माहितीचा मुद्दा मान्य. कुणाची किती मालकी आणि कुठल्या वस्तीला किती वेग, हे एफसीसीने दरवर्षी छापावं, याला माझा विरोध असायचं कारण नाही. करसवलत मात्र कमी भांडवलाच्या, स्थानिक, पहिल्यांदाच स्टेशन घेणाऱ्या कुणालाही द्या. वर्णाचा रकाना नको.

पाणवठा:
स्थानिक आणि पहिल्यांदाच घेणारा, या दोन अटींवर मी तयार आहे. पण रकाना नसेल, तर दहा वर्षांनी डेट्रॉइटसारख्या कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या शहरात नेमकं कुणाला स्टेशन मिळालं हे कशावरून सांगणार? सवलतीच्या अटीत नको, पण मोजणीत तरी रकाना हवाच. त्यालाही नाही म्हणताय का?