खेळणाऱ्याची तक्रार खरी निघाली. त्याला आता काय उत्तर द्यावे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री एकट्याने ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटा खेळ बनवतो. उन्हाळ्यात टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडतो आणि खेळणाऱ्याने ९० सेकंदांत पोहऱ्याने पाणी शेंदून जास्तीत जास्त घरांच्या घागरी भरायच्या, एवढाच खेळ आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या शहराने पाहिले, तिथे वाढलेल्या माणसाला असा विषय शोधावा लागत नाही.

अडचण अभिप्रायांची आहे. औसा तालुक्यातील एका मुलाने लिहिले, की मित्राच्या जुन्या फोनवर डाव जिंकता येतो, पण त्याच्या नव्या फोनवर टँकर पळतो आणि वेळ लगेच संपतो, म्हणजे खेळात लबाडी आहे. मी माझ्या फोनवर तीनदा खेळून पाहिले, सगळे ठीक वाटले, म्हणून ‘सराव करा, जमेल’ असे कळवले. त्यानंतर तशाच आणखी चार तक्रारी आल्या आणि त्या मुलाने खेळणे सोडले. काही जण साठवलेली प्रगती पुसली गेल्याचे सांगतात, कुणाला खेळ सोपा हवा आहे तर कुणाला अवघड. यातले कोणाचे ऐकावे, आणि ज्याला मी चुकीचे उत्तर दिले, त्याला आता काय लिहावे?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

त्या मुलाचे निरीक्षण अचूक आहे. चुकला तो फक्त कारण सांगताना. आपण खेळ ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’वर, म्हणजे हलते चित्र दाखवण्यासाठी ब्राउझर देतो त्या फंक्शनवर, चालवत असाल, तर ते फंक्शन पडदा जितक्या वेळा ताजा होतो तितक्या वेळा चालते. साध्या पडद्यावर हे सेकंदाला ६० वेळा होते, नव्या फोनांत अनेकदा १२० वेळा. प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे पडदा एकदा ताजा होण्यामागे, घड्याळ ठरावीक पाऊल पुढे सरकत असेल, तर आपली ९० सेकंदे त्याच्या हातात ४५ सेकंदांतच संपतात. दोन फ्रेममध्ये प्रत्यक्ष किती वेळ गेला ते मोजून त्या हिशेबाने टँकर आणि घड्याळ चालवा. टॅब मागे गेला की हे फंक्शन थांबते आणि परत आल्यावर मधला सगळा वेळ एकदम मोजला जातो, म्हणून एका फ्रेमच्या वेळेला कमाल मर्यादाही घाला.

प्रगती पुसली जाण्याच्या तक्रारीत आधी फोन आणि ब्राउझर विचारा. सफारी (ॲपलचा ब्राउझर) २०२० पासून असे करते, की ब्राउझर वापरात असूनही सात दिवस एखाद्या साइटकडे कोणी फिरकले नाही, तर त्या साइटने लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरने फोनवरच राखलेल्या जागेत, ठेवलेले पुसून टाकते. खेळणाऱ्याला आपली प्रगती एखाद्या सांकेतिक ओळीच्या रूपात उतरवून घेता येईल, अशी सोय द्या.

उत्तर (नांदेड)

मी खेळ बनवत नाही, खेळते. माझ्या आईने शेजारी बसून आपला खेळ पाहिला आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाली, की पोहरा नुसता सोडला तर तो पाण्यावर तरंगत राहतो. वरून दोराला हिसका द्यावा लागतो, तेव्हा त्याचे तोंड पाण्यात कलते, ‘बुडुक’ असा आवाज येतो आणि मगच तो भरतो. आपल्या खेळात तो पाण्याला टेकताच भरतो.

हे मी तेव्हाच लिहिणार होते. पण खेळाच्या अभिप्रायांत त्या मुलाला दिलेले ‘सराव करा’ वाचले आणि लिहिले नाही. आपण एकाला उत्तर देता, पण ते सगळे वाचतात. बाकीच्या चौघांनी लिहिले तरी. माझ्यासारख्या गप्प बसलेल्या किती असतील, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

उत्तर (परभणी)

सोपे-अवघडच्या मागण्यांवर मत मोजू नका, डाव नेमका कुठे सुटतो ते विचारा. खेळणारे काय करतात तेही पाहत राहा. ‘वर्डल’ या शब्द ओळखण्याच्या खेळात लोक आपला निकाल रंगीत चौकोनांनी हाताने टंकून एकमेकांना पाठवत होते, ते पाहूनच तो बनवणाऱ्या जोश वॉर्डल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये निकाल पाठवण्याची सोय खेळातच दिली.

प्रश्नकर्ता (लातूर)

सर्वांचे आभार. सहकाऱ्याच्या १२० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर काल घड्याळ लावून डाव खेळलो आणि तो बरोबर ४५ सेकंदांत संपला. दुरुस्ती रात्रीच चढवली. त्या मुलाच्या तक्रारीखाली, सगळ्यांना दिसेल अशा जागी, हे लिहिले आहे: ‘तुझे म्हणणे खरे होते. चूक माझ्या कोडमध्ये होती आणि मी नीट न तपासता तुलाच सराव करायला सांगितले, याबद्दल माफ कर. आता सर्व फोनांवर पूर्ण ९० सेकंदे मिळतात. जमल्यास तुझ्या फोनवर पाहून सांग.’ अजून त्याचे उत्तर आलेले नाही.

नांदेडच्या ताईंना एक विनंती आहे. हिसका मी बोट खाली ओढून झटकन सोडण्यावर बसवतो आहे. रविवारी नवी आवृत्ती देईन. ती आधी आपल्या आईंच्या हातात द्याल का?