मदत हवी आहे : ग्रँड चेरोकी एसआरटीचे पुढचे ब्रेक पॅड कोणते घ्यावेत, आणि घरी बसवावेत का?

धागाकर्ता (दुबई)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१५ ची जीप ग्रँड चेरोकी एसआरटी, वापरलेली घेतलेली. ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, आठ गिअरचं ऑटोमॅटिक, पुढे सहा पिस्टनचे आणि मागे चार पिस्टनचे ब्रेम्बो कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग). पुढच्या डिस्क ३८० मिमीच्या. रिकाम्या गाडीचंच वजन २३०० किलोच्या वर.

मागच्या आठवड्यात बायको-मुलांना घेऊन अल ऐनच्या जबल हफीत डोंगरावर गेलो होतो. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी : ११.७ किलोमीटर, साठेक वळणं, आणि शेवटपर्यंत उतार सलग. खाली येताना गाडी डी मध्येच (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरमध्ये) होती. अर्ध्याच्या खाली आल्यावर जळका वास यायला लागला. पॅडल वरच होतं, दगडासारखं कडक, पण पाय कितीही दाबला तरी गाडी हवी तशी आवरत नव्हती. कडेला जागा मिळाल्यावर थांबलो, बराच वेळ गाडी गार होऊ दिली आणि मग हळूहळू खाली उतरलो. मुलं मागे झोपली होती. तो प्रसंग डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून हायवेला १२० वरून ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं.

एका गॅरेजमध्ये चाक काढून दाखवलं. पॅडचं मटेरियल साधारण ४ मिमी उरलंय, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालाय. पॅड आधीच्या मालकाने बसवलेले, मागच्या पत्र्यावर ना कंपनीचं नाव ना कसला कोड. गॅरेजवाल्याचं म्हणणं, डिस्क वाकल्यात, चारही बदला, आणि ‘रेसचे’ पॅड टाका म्हणजे पुन्हा असं होणार नाही. आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. रोजची शाळा-ऑफिसची धाव आणि अधूनमधून डोंगर, अशा वापराला सिरॅमिक, मूळ कंपनीसारखे की रेसचे पॅड बरे? डिस्क खरंच वाकतात का? आणि या कॅलिपरचे पॅड घरी बदलता येतात असं ऐकलंय, ते कितपत खरं? हातात पाने धरायची सवय आहे, भारतात असताना मोटारसायकलची कामं मीच करायचो.

डिसेंबरात आई-बाबा कोल्हापूरहून येतायत आणि बाबांना हफीतवर जायचंच आहे. पैसे वाचवणं हा मुद्दा नाही, योग्य काम व्हायला हवं.

डायनोवाला (पुणे)

सर्वात आधी, थांबून गाडी गार केलीत हे उत्तम केलंत.

मी बरीच वर्षं ब्रेकच्या चाचण्या घेण्याच्या कामात आहे. तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘पॅडल वरच, कडक, पण गाडी आवरत नाही’. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर त्यात वाफ झाली असती आणि पॅडल मऊ पडून खाली गेलं असतं. तुमचं कडक राहिलं, म्हणजे दाब नीट पोचत होता, पॅडच पकड सोडत होते. तापमान मर्यादेबाहेर गेलं की पॅडमधलं रेझिन (मटेरियल धरून ठेवणारा चिकट भाग) सुटायला लागतं आणि घर्षण एकदम खाली येतं. चकचकीत पृष्ठभाग ही त्याचीच खूण.

आता गाडीवर किती भार पडला ते बघा. चार माणसांसह २६०० किलो धरू. ही गाडी १६० च्या वेगावरून पूर्ण थांबवायची तर साधारण २.५ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. आणि हीच गाडी वेग न वाढवता १०० मीटर उंची खाली उतरवली तरी तेवढीच ऊर्जा निघते. म्हणजे इंजिनाने काही धरलं नाही, तर दर शंभर मीटर उतारामागे ब्रेकवर १६० वरून एकदा थांबल्याइतका भार. हफीतला असे कित्येक शंभर मीटर आहेत, आणि मध्ये गार व्हायला सपाटी नाही. निनावी पॅड यात टिकत नाहीत.

पॅडच्या निवडीबद्दल. रेसचे पॅड नकोत, हे मी ठामपणे सांगतो. ते भरपूर तापल्यावरच नीट धरतात. सकाळी थंड गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर पोर आडवं आलं, तर त्या क्षणी पकड कमी असते. शिवाय किंचाळतात आणि डिस्क खातात. साधे सिरॅमिक शांत असतात, चाकावर काळी भुकटी कमी पडते, शहरासाठी छान. पण त्यातले बरेचसे आरामासाठी बनवलेले असतात, एवढ्या जड आणि वेगवान गाडीच्या डोंगरउतारासाठी नाहीत. तुम्हाला हवेत ते मूळ कंपनीचे, किंवा त्याच दर्जाचे रस्त्यासाठीचे लो-मेटॅलिक (थोडा धातू मिसळलेले) परफॉर्मन्स पॅड. भुकटी पडेल, आठवड्याला चाकं धुवावी लागतील. ते मान्य करा.

पत्र्यावर काय बघायचं तेही सांगतो. अमेरिकन पद्धतीत घर्षणाची दोन अक्षरं असतात, पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई लिहिलं असेल तर तापल्यावर पकड उतरते असा अर्थ. मात्र ही चाचणी पॅडच्या इंचभर चौकोनी तुकड्यावर होते, त्यामुळे दोन एफएफ पॅड गाडीवर अगदी वेगळे वागू शकतात. माझा जास्त विश्वास युरोपच्या आर-९० मान्यतेवर : गोलातलं ई आणि पुढे ९०आर. त्यात पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्के वर-खाली या मर्यादेत असावं लागतं. यातलं काहीच छापलेलं नसेल तो पॅड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

शारजाचा कारागीर

पॅडबद्दल वरच्या साहेबांनी सगळं सांगितलंय. डिस्कचं मी सांगतो.

‘डिस्क वाकली’ हे आमच्या धंद्यात सगळेच बोलतात, पण खरी वाकलेली डिस्क क्वचित निघते. होतं असं की पॅड खूप तापतो, त्याचं मटेरियल डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ चिकटतं, आणि मग प्रत्येक फेऱ्याला पकड कमी-जास्त होते. तीच थरथर स्टिअरिंगमध्ये येते. गरम ब्रेक दाबून धरून गाडी उभी ठेवली तर हमखास, पॅडचा ठसाच उमटतो.

डिस्क बदलायची का, हे तोंडाने ठरवू नका. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ‘मिनिमम टीएच’ असं काहीसं. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजायला सांगा. जाडी शिल्लक असेल, तडे नसतील, तर स्किमिंग (वरचा थर तासणं) करून घ्या. भारतात आपण लेथवर फेसिंग म्हणतो तेच. नवीन कंपनीचे पॅड घालणार असाल तर जुना थर काढावाच लागतो, नाहीतर नवे पॅड त्यावर नीट बसत नाहीत. स्किमिंगनंतरची जाडी त्या कोरलेल्या आकड्याच्या अगदी जवळ येणार असेल, तर सरळ नव्या डिस्क घ्या, पण एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही. मागच्या ठीक असतील तर मागच्यांना हात लावायची गरज नाही.

आणि हबवरचा (डिस्क आणि चाक जिथे बसतात त्या भागावरचा) गंज वायरब्रशने साफ केल्याशिवाय डिस्क परत चढवू देऊ नका. तिथे कागदाएवढा थर राहिला तरी डिस्क डोलते, आणि काही महिन्यांत तीच थरथर परत.

माल घेताना खोका नीट बघा. इथे नकली मालही येतो. गाडीच्या चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि पॅडवरचा नंबर जुळवा, नुसतं ‘एसआरटीचे द्या’ म्हणू नका. साध्या ग्रँड चेरोकीचे पॅड वेगळे.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज दुसऱ्या ठिकाणी डिस्क मोजून घेतल्या. जाडी भरपूर आहे, तडे नाहीत, पुढच्या दोन्ही स्किमिंगला देतोय. पॅड मूळ कंपनीचेच मागवतोय. मुल्कियाचं (गाडीच्या नोंदणीचं) पासिंगही जवळ आलंय, त्याआधी सगळं व्हायला हवं. बसवायचं काम मात्र स्वतः करावंसं वाटतंय. कुणी केलंय का?

पाना-पकड (नाशिक)

मी केलंय. गाडी वेगळी, पण पुढचे ब्रेम्बो कॅलिपर असेच. आणि खरं सांगू का, साध्या गाडीपेक्षा हे काम सोपं आहे. नुसते पॅड असतील तर कॅलिपर उतरवावाच लागत नाही. तुमच्या डिस्क स्किमिंगला जाणार म्हणून तो एकदा खोलावा लागेल, ते काम कारागिराकडेच होऊ द्या. त्याचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) बसायला हवेत. पॅड तुम्ही घाला.

गाडी सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी (अडसर). एसआरटीला स्टीलच्या स्प्रिंग आहेत, एअर सस्पेन्शनचा जॅक मोड वगैरे भानगड नाही. जॅकवर गाडी ठेवून कधीही काम करू नका, खाली स्टँड हवाच.

कॅलिपरच्या खिडकीतून दोन पिना आणि त्यांच्यामध्ये एक चपटी स्प्रिंग दिसेल. स्प्रिंग दाबून धरायची आणि पिना पंच व हातोडीने बाहेरून आतल्या बाजूला ठोकायच्या. सुटताना स्प्रिंग उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा घाला. ती कशी बसली होती याचा आधीच फोटो काढा.

आता ज्या ठिकाणी लोक अडकतात ते. सहा पिस्टन एकमेकांना तेलाने जोडलेले असतात. एक आत ढकलला की दुसरा बाहेर येतो. त्यामुळे दोन्ही पॅड एकदम काढू नका. एक जुना पॅड जागेवरच राहू द्या, दुसऱ्याच्या बाजूचे तिन्ही पिस्टन जुन्या पॅडचाच पत्रा मध्ये धरून हळूहळू, सारखे मागे सारा, तिथे नवा पॅड सरकवा, मग दुसरी बाजू. पिस्टन मागे जाताना वरच्या टाकीत ब्रेक ऑइल चढतं. झाकण सैल करून मधूनमधून बघा, काठाशी आलं तर स्वच्छ सिरिंजने काढून घ्या. रंगावर सांडलं तर रंग सोलवटतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर आणि फडकं. पॅडचे पत्रे कॅलिपरला जिथे टेकतात तिथे ब्रेकसाठीचं ग्रीस, अगदी पुसल्यासारखं पातळ. साधं ग्रीस नको, रबराचे सील फुगतात. घासणाऱ्या पृष्ठभागाला बोटही लावू नका.

आणि चाकं बसवून गाडी खाली घेतली की हलवण्याआधी पॅडल पंप करा, कडक होईपर्यंत. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं, कारण पिस्टन मागे गेलेले असतात. हे करायच्या आधी गाडी गिअरमध्ये टाकायचीच नाही. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने. थोडं चालवून झाल्यावर परत एकदा तपासा.

डायनोवाला (पुणे)

पाना-पकड ताईंनी लिहिलेलं अगदी बरोबर. एक भर : नवे पॅड लगेच हफीतवर नेऊ नका. आधी बेडिंग करा, म्हणजे पॅड डिस्कवर मुरवून घ्या. पॅडच्या खोक्यात कंपनीची पद्धत असेल तर तीच पाळा. नसेल तर मोकळा रस्ता आणि पहाटेची वेळ बघून १०० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर सोडून. पूर्ण थांबू नका. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता चालवून गार करा. याने पॅडच्या मटेरियलचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. थरथर परत येऊ नये यासाठी हे पॅडच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे.

घाटवाट (महाड)

आमचा जन्म वरंधा आणि आंबेनळीत गाड्या उतरवण्यात गेला. पॅड कुठलेही घाला, उतारावर डी मध्ये राहू नका. स्टिअरिंगमागचे, हाताने गिअर बदलायचे पॅडल आहेत ना तुमच्याकडे? माथ्यावरूनच दुसरा-तिसरा गिअर धरा, एवढं मोठं इंजिन गाडी छान धरून ठेवेल. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वळणाआधी ठामपणे लावायचा आणि सोडायचा, म्हणजे मध्ये हवा लागते. चढताना जो गिअर लागला, तोच उतरताना, हे आम्हाला वडिलांनी शिकवलं.

धागाकर्ता

दादा, हे बाबाही असंच सांगायचे, राधानगरीच्या रस्त्यावर. धन्यवाद.

शेवटचा प्रश्न. ब्रेक ऑइल कधी बदललंय याची नोंद नाही. पॅडबरोबर बदलू का, आणि डॉट ५ चांगलं म्हणतात ते घालू का?

शारजाचा कारागीर

नोंद नसेल तर बदलाच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि इथल्या किनाऱ्याची दमट हवा तुम्हाला माहीतच आहे. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. दर दोन वर्षांनी बदलत जा.

डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकोनचं असतं आणि तुमच्या सिस्टिमला चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. चांगल्या कंपनीचं सीलबंद डॉट ४ तुम्हाला पुरेसं आहे. डिस्कच्या कामाला गाडी घेऊन याल तेव्हाच चारही चाकांचं ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा काढणं) करून देतो, पॅड तुमच्या हाताने घाला, मी शेजारी उभा राहतो. शनिवारी सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत आटपू.