कृषी पदवीनंतर कोरियात एम.एस्सी. : एजंटाशिवाय अर्ज करता येईल का?

प्रश्न – राळेगावकर

मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्याचा रहिवासी असून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. पुढे दक्षिण कोरियात वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करण्याची इच्छा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका एजंटाने प्रवेशाची हमी देऊन तीन लाख रुपये मागितले आहेत. घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर हेच उत्पन्न, आणि वडील आयकर विवरणपत्र भरत नाहीत. अर्ज स्वतः करता येतो का, आणि आमच्यासारख्या घराने पैशाचा पुरावा कसा द्यावा? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – कारंजा ते जॉन्जू

अर्ज स्वतःच करता येतो. प्रवेशाची हमी एजंटाच्या हाती नसते, ती विद्यापीठाच्या हाती असते. कोरियातील शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि दुसरे सत्र सप्टेंबरमध्ये. मार्चच्या प्रवेशासाठीचे अर्ज साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, तर सप्टेंबरच्या प्रवेशासाठीचे मे-जूनच्या सुमारास घेतले जातात. नेमक्या तारखा प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशसूचनेत पाहाव्यात.

विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर प्रवेशात प्राध्यापकाचा होकार फार महत्त्वाचा ठरतो, आणि आपले विद्यार्थी नेमके इथेच कमी पडतात. एकच मजकूर शंभर जणांना पाठवला तर तो कोणीही वाचत नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत तुमच्या विषयावर काम चालते, त्यांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध खरोखर वाचा आणि बोंडसड किंवा मूळकुज यांविषयी शेतात जे पाहिले आहे, त्याच्याशी त्याचा संबंध दोन परिच्छेदांत मांडा. सोलबाहेरच्या राष्ट्रीय विद्यापीठांचा विचार अवश्य करा. जॉन्जूचे जॉनबुक, ग्वांगजूचे जॉन्नम आणि देगूचे क्यंगबुक या तिन्ही ठिकाणी कृषी शाखा आहे, आणि राष्ट्रीय विद्यापीठांचे शुल्क खासगी विद्यापीठांपेक्षा बरेच कमी असते.

गुण चांगले असतील तर कोरिया सरकारच्या ‘ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप’चा आधी विचार करावा. पदव्युत्तर गटाची सूचना साधारण फेब्रुवारीत येते, ८० टक्के किंवा समतुल्य सीजीपीए लागतो आणि वय ४० च्या आत असावे लागते. शुल्क, विमानभाडे, मासिक भत्ता आणि सुरुवातीचे एक वर्षाचे कोरियन भाषेचे शिक्षण त्यात येते. दूतावासामार्फत किंवा विद्यापीठामार्फत, यांपैकी एकाच मार्गाने अर्ज करता येतो. दूतावासाच्या मार्गात तीन विद्यापीठे निवडता येतात. भाषा आज येत नाही म्हणून थांबू नका, मात्र भाषावर्षाच्या शेवटी ‘टोपिक’ या कोरियन भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी गाठावी लागते.

उत्तर – निवृत्त कारकून, अमरावती

वरील माहिती योग्य आहे, पण खरी अडचण कोरियात नसून आपल्या कागदपत्रांत असते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव छापलेले असते, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव ‘ज्ञानेश्वर’ऐवजी ‘ज्ञानदेव’ लिहिलेले असते. अशी तफावत असल्यास आधी दुरुस्ती आणि आवश्यक तेथे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. पालकांशी असलेले नाते दाखवताना हाच जन्मदाखला लागतो. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे.

पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकांवर राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण), हा क्रम आहे. भारत आणि कोरिया दोन्ही अपोस्टील करारात असल्याने ते तिकडे चालते. काही विद्यापीठे अर्जाबरोबरच ते मागतात, काही निवड झाल्यावर.

उत्तर – कापूसपट्टा

पैशाबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. शिष्यवृत्ती मिळाली तर तिचे पत्रच पुरते. स्वखर्चाने जायचे असल्यास पदवी अभ्यासक्रमाच्या डी-२ या विद्यार्थी व्हिसासाठी सोल महानगर परिसरात सुमारे २ कोटी वॉन आणि त्याबाहेर १ कोटी ६० लाख वॉन एवढी शिल्लक दाखवावी लागते. वॉन सहा पैशांच्या आसपास धरला तर हे अनुक्रमे बारा लाख आणि साडेनऊ लाखांच्या घरात जाते. अनेक विद्यापीठे शिलकीचा दाखला अर्जाच्या वेळीच मागतात, आणि ऑक्टोबरमध्ये आपला कापूस नुकता वेचणीला आलेला असतो, तर मे-जूनमध्ये हातातला पैसा बियाणे-खतात गेलेला असतो. त्यामुळे ‘तूर विकली की भरू’ हे गणित येथे जुळत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा भाषांतरित करून जोडता येतात, मात्र ते शिलकीची जागा घेऊ शकत नाहीत. एजंट दोन दिवसांपुरते पैसे खात्यात फिरवून देतो म्हणत असेल, तर त्याच्या नादी लागू नये. पैसा कुठून आला, हे पुढे विचारले जाऊ शकते.

राळेगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा सीजीपीए ८.१ आहे. स्वखर्चाचा मार्ग आता बाजूला ठेवतो. पदवीचे मूळ प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभापर्यंत मिळणार नाही, तर फेब्रुवारीत अर्ज करता येईल का?

कारंजा ते जॉन्जू

शेवटच्या सत्रातील विद्यार्थी पदवी अपेक्षित असल्याचे महाविद्यालयाचे पत्र जोडून अर्ज करतात आणि मूळ प्रमाणपत्र नंतर सादर करतात. ८.१ चे टक्केवारीत रूपांतर कसे होते, याचे विद्यापीठाचे पत्र आताच मागून ठेवा. परीक्षा विभागात त्याला वेळ लागतो. शिफारसपत्र बंद लिफाफ्यात लागते, तेव्हा तुमच्या प्राध्यापकांना दिवाळीपूर्वीच भेटा.