तिसरी-चौथीतली अध्ययन अक्षमता: केळापूर-झरीत अभ्यास करायचा तर नमुना, चाचण्या आणि नोंदी कशा जुळवायच्या?

कापूसपट्टा_एमएसडब्ल्यू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. समाजकार्यात पीएच.डी. करते आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा व काही आश्रमशाळा घ्यायच्या आहेत. तिसरी-चौथीतल्या किती टक्के मुलांना अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन, गणित अडणं) आहे, आणि त्या मुलांपर्यंत आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण यांपैकी कोण पोहोचतं, हे दोन प्रश्न आहेत. हाताशी दोन मदतनीस आणि आठवड्यातले दोन दिवस देणारे एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मुदत दीड वर्ष. सगळ्यांना आधी डाली ही चाळणी चाचणी आणि त्यात मागे पडलेल्यांना निम्हान्स बॅटरी (अध्ययन अक्षमता तपासणारा सविस्तर चाचणीसंच) द्यावी असा विचार आहे. मुलांच्या घरी कोलामी, गोंडी, गोरमाटी, वऱ्हाडी, सीमेकडे तेलुगू. नमुना किती घ्यावा? आरबीएसकेच्या (सरकारी बाल आरोग्य तपासणी कार्यक्रमाच्या) आणि शाळेच्या नोंदी एकमेकींना जोडता येतात का?

सांख्यिकी_अमरावती

ताई, आधी हिशेब मांडू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

प्रमाण 10 टक्के धरलं आणि चूक अधिक-उणे 3 टक्क्यांच्या आत हवी असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्याला 384 मुलं लागतात. पण तुम्ही मुलं सुटी निवडणार नाही, शाळा निवडणार. एका शाळेतली मुलं एकाच गुरुजींकडे शिकतात, त्यांचं वाचन एकमेकांसारखं असतं. तिसरी-चौथी मिळून शाळेत सरासरी 12 मुलं आणि शाळांतर्गत सहसंबंध (एका शाळेतली मुलं किती सारखी, याचं माप) 0.05 धरला तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, येतो 1 + (12 − 1) × 0.05, म्हणजे 1.55. 384 चे झाले 595. दहा टक्के गळती धरून 662. म्हणजे 56 शाळा.

आता पुढचं. चाळणीत पाचातलं एक मूल अडकेल असं धरा: 132 मुलं. चाळणीतून सुटलेल्या 530 पैकीही दहा टक्के, म्हणजे 53 मुलं तपासावीच लागतात. ती तपासली नाहीत तर चाळणीने किती मुलं चुकवली ते कधीच कळत नाही. (बरेच प्रबंध इथेच लंगडे पडतात.) एकूण 185. बुद्ध्यांक आणि निम्हान्स बॅटरी धरून सायकॉलॉजिस्ट दिवसाला दोन मुलं नीट पाहू शकतात, घाईत केलेली तिसरी तपासणी उपयोगाची नसते. आठवड्याला चार मुलं, म्हणजे 46 आठवडे. आपल्याकडे शाळा जूनअखेरीस उघडते. त्यातून दिवाळी, कापूस वेचणी, परीक्षा आणि उन्हाळा वजा करा. एका शालेय वर्षात एवढे आठवडे निघत नाहीत.

माझं स्पष्ट मत, ‘किती टक्के’ हा प्रश्न सोडा. मुलांच्या मेंदूविकासातल्या अडचणींवर पाच ठिकाणी मिळून झालेला इन्क्लेन या संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 2 ते 9 वर्षांची मुलं होती. पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद. विदर्भ त्यात नाही, ही उणीव खरीच आहे. पण ती भरायला पथक लागतं, एकटा विद्यार्थी पुरत नाही. तुमचा दुसरा प्रश्न मात्र एकट्याने पेलण्यासारखा आहे, आणि तोच जास्त मोलाचा आहे. 20-24 शाळा घ्या. गुरुजींना ज्या मुलांबद्दल शंका आहे त्यांच्यापासून सुरुवात करा आणि प्रत्येक मूल अक्षमतेच्या प्रमाणपत्रापर्यंत जाताना कुठे अडकतं ते तारखांसह नोंदवा.

गटसाधन_विशेषशिक्षक

वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत. चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

डाली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केली, मराठीतही आहे. पहिली-दुसरीसाठी एक चाळणी आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी, दोन्ही शिक्षकांनी भरायच्या. एनसीईआरटीचं प्रशस्त ॲपही शिक्षकांसाठीच आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. या दोन्ही चाळण्या आहेत, निदान नव्हे. आणि शिक्षकांच्या हातात त्या जुलै-ऑगस्टमध्ये देऊ नका. नवा वर्ग, नवे गुरुजी, मूल अजून ओळखीचं नसतं, सप्टेंबर बरा. ऑक्टोबरपासून वेचणी सुरू झाली की मोठी पोरं शेतात, आणि लहानग्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांच्या मुली घरी थांबतात.

म्हणून हजेरी आधी बघा. मागच्या दोन वर्षांची महिन्यावार हजेरी कॅटलॉगवरून (हजेरीपटावरून) उतरवून घ्या. वर्षाची सरासरी घेतली तर नोव्हेंबर-डिसेंबरची भोकं झाकली जातात. मुलाने जोडाक्षरं शिकवली त्या महिन्यात शाळाच पाहिली नसेल, तर त्याला ती न येणं ही अक्षमता नाही. ज्याला पुरेसं शिकवलंच गेलं नाही त्याला अक्षम ठरवणं हा मुलावर अन्याय आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी-कन्नड वाचनावर लिरिल प्रकल्पाचा अभ्यास झाला; तिसरीच्या शेवटीही बरीच मुलं साधे शब्द वाचू शकत नव्हती. एवढ्या सगळ्या मुलांच्या मेंदूत दोष नसतो. संशोधक सोनाली नाग यांचं कन्नड वाचनावरचं काम सांगतं की आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरओळख चौथी-पाचवीपर्यंत चालूच राहते. इंग्रजीतले निकष उचलून दुसरीतल्या मुलाला मागे ठरवलं तर ते चुकीचं होईल.

सोपा मार्ग असा: चाळणीत अडकलेल्या मुलांना आधी आठ ते दहा आठवडे रोज अर्धा तास छोट्या गटात शिकवून घ्या. अक्षरगट, बाराखडी, शब्द तोडणं-जोडणं, रोज थोडं मोठ्याने वाचन. सुरुवातीला आणि शेवटी एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजा. जी मुलं यात झरझर वर येतात त्यांची अडचण शिकवण्याची होती. जी हलत नाहीत तीच सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. त्यांचे मोजके दिवस वाचतात.

गुण देण्याचा नियम मात्र आधी लिहून ठेवा, दोन्ही मदतनिसांना एकच. वऱ्हाडी मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ वाचतं. ती त्याची बोली आहे, वाचन बरोबर धरायचं. इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना सगळीच मुलं चुकवतात, त्यावरून काही ठरवू नका. लक्ष द्यायचं ते घ-ध, भ-म यांची अदलाबदल तिसरीतही न सुटणं, मात्रा-वेलांटी गाळणं, रफार आणि जोडाक्षरावर अडून शब्द अंदाजाने ठोकून देणं, आणि निरर्थक शब्द अजिबात न वाचता येणं याकडे. ‘टमोसा’, ‘लिवणू’ असे वीसेक निरर्थक शब्द करा. ते गोंडी-कोलामीत किंवा तेलुगूत अर्थाचे निघत नाहीत ना, हे त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या.

कोलामी पोडावरच्या (वस्तीवरच्या) मुलांचा गट वेगळाच ठेवा. तिथे प्रत्येक मुलाशी घरच्या भाषेत गोष्ट सांगणं-ऐकणं झालं पाहिजे. घरच्या भाषेत बोलणं, समजणं चोख आणि फक्त मराठी वाचन मागे, तर आधी भाषेचा विचार करा. दोन्हीकडे अडतं, शब्द सापडत नाहीत, क्रम राहत नाही, तर पुढे पाठवा.

बालविकास_डॉक्टर

वाचनाची चाचणी घेण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या.

दृष्टी: सहा मीटरवरून ई-तक्ता, एकेक डोळा झाकून. कान: वाहणारा कान आणि मळ आपल्याकडे इतका आहे की कान न पाहता ‘लक्ष देत नाही’ लिहूच नये. हिमोग्लोबिन: 5 ते 11 वर्षांत 11.5 ग्रॅमखाली म्हणजे रक्तक्षय. चौथी गोष्ट विदर्भात विसरून चालत नाही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार) असलेल्या मुलांत बाहेर काहीही लक्षण न दिसता मेंदूत छोटे इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून झालेली इजा) होऊ शकतात, आणि मग लक्ष, स्मरण, गणित घसरतं. दुखण्यामुळे गैरहजेरीही वाढते. सिकलसेल कार्डावरचा पॅटर्न नोंदवा, एसएस मुलांचं विश्लेषण वेगळं करा आणि त्यांना उपचारासाठी नक्की पाठवा. एएस म्हणजे वाहक, त्यांना या गटात मिसळू नका. घरच्यांना विचारताना फिट्सबद्दलही विचारा. नुसतं टक लावून थांबणाऱ्या फिट्स वर्गात ‘बावळटपणा’ समजल्या जातात.

बुद्ध्यांकासाठी मुलांची मालिन चाचणी वापराल. ती आणि सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनाचं भारतीय रूप, दोन्ही डॉ. मालिन यांनी नागपुरातच तयार केली. पण मालिनचा शाब्दिक भाग कोलामी मुलावर अन्याय करतो. तिथे रेव्हनची रंगीत मॅट्रिसेस (36 प्रश्न) जोडीला घ्या, आणि नुसत्या अंकावर निर्णय नको. बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात वेगवेगळ्या आहेत, लाभही वेगळे. राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा बौद्धिक अक्षमतेला मिळतो, अध्ययन अक्षमतेला नाही. चुकीच्या रकान्यात नाव गेलं तर कुटुंबाला वर्षानुवर्षं हेलपाटे.

प्रमाणपत्राबाबत: 2018 च्या सूचनांप्रमाणे बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा तिघांच्या तपासणीनंतरच ते निघायचं, आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा. 2024 मध्ये सूचना बदलल्या आहेत, चालू प्रत जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयातून घ्या. आठ वर्षांखालच्या मुलाला त्यासाठी जिल्ह्याला नेऊ नका, बापाची मजुरी बुडते आणि हाती काही येत नाही.

नोंदवही_समाजकल्याण

नोंदी जोडण्याबद्दल. शाळेकडे सरल या शिक्षण खात्याच्या संगणक प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक, आरबीएसके पथकाकडे शाळानिहाय तपासणी नोंद, अंगणवाडीकडे कुटुंब पाहणी नोंदवही, ग्रामपंचायतीकडे दिव्यांग नोंद. चारही ठिकाणी एकाच मुलाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि जन्मतारीख बहुतेकदा 1 जून. त्यामुळे नाव आणि तारखेवर जोडायला जाल तर फसाल. आईचं नाव, गाव-पोड, भावंडांतला क्रम आणि अंगणवाडीचं नाव या चारांवर जुळवा. तीन जुळले तर घरी जाऊन खात्री, दोन जुळले तर सोडून द्या. न जुळलेल्यांची संख्या प्रबंधात लिहा. कोणत्या खात्याला मूल दिसतच नाही हे त्यातूनच कळतं.

आरबीएसके पथकाने अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासायची असते. अध्ययनातली अडचण त्यांच्या 30 स्थितींच्या यादीत आहे. पण शे-दीडशे मुलं एका दिवसात बघताना दात, त्वचा, वजन होतं आणि हे राहून जातं. पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात गुरुजींनी शंकेच्या मुलांची यादी काढून ठेवली होती का, एवढी एकच गोष्ट प्रत्येक शाळेत नोंदवा.

शाळेबाहेरची मुलं विसरू नका. शाळेतला नमुना घेतला की बौद्धिक अक्षमता असलेलं घरी बसलेलं मूल आपोआप गळतं. आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घेऊन निवडक पोडांवर घरोघर जा. युनिसेफ-वॉशिंग्टन गटाची 5 ते 17 वर्षांची कार्यक्षमता प्रश्नावली आईला विचारता येते, त्यात शिकणं-लक्षात ठेवणं यावरही प्रश्न आहेत.

वाचनासाठी एक सूचना. ब्रिटिश संशोधन शोधाल तेव्हा तिकडे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे आपल्याकडची बौद्धिक अक्षमता, आकडे एकमेकांत मिसळू नका. पण ब्रिस्टल विद्यापीठाची 2013 ची मृत्यूंची चौकशी जरूर पाहा. अशा व्यक्तींतले पुरुष इतरांपेक्षा 13 वर्षं आणि स्त्रिया 20 वर्षं आधी जातात, हे त्यांनी आरोग्य आणि समाजसेवेच्या नोंदी एकत्र वाचून दाखवलं. दोन्ही खात्यांच्या नोंदी एकत्र वाचल्याशिवाय हे दिसलं नसतं. आपल्याकडे आरबीएसके अठराव्या वर्षी थांबतं, त्यानंतर काय हा प्रश्न तुमच्या प्रबंधात एका प्रकरणाचा नक्की आहे.

कापूसपट्टा_एमएसडब्ल्यू

मनापासून आभार. टक्केवारी सोडते, वाटचालीचा अभ्यास करते, मार्गदर्शकांशी बोलले. परवानग्या आणि संमती कोणत्या क्रमाने? आणि पालकांना नेमकं काय सांगू?

बालविकास_डॉक्टर

आधी नोंदणीकृत संस्थात्मक नैतिकता समिती. मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, आश्रमशाळांसाठी पांढरकवडा प्रकल्प कार्यालय, आरबीएसके नोंदींसाठी जिल्हा शल्यचिकित्सक. तिन्ही पत्रांत एकच मजकूर आणि समितीचा क्रमांक द्या, नाहीतर फाइल फिरत राहते.

आयसीएमआरच्या 2017 च्या सूचनांप्रमाणे पालकांची लेखी संमती, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार. बारापर्यंत तोंडी चालतो. पालक निरक्षर असतील तर अंगठ्यासोबत निःपक्षपाती साक्षीदार हवा, तो तुमचा मदतनीस किंवा शाळेचे मुख्याध्यापक नको. आश्रमशाळेत अधीक्षकांची सही पालकांच्या जागी चालणार नाही. पोळ्याला किंवा दिवाळीला पालक मुलांना न्यायला येतात, तेव्हा गाठा.

पालकांना तीनच गोष्टी सांगा. मूल ढ आहे का हे आम्ही तपासत नाही, वाचताना कुठे अडतं ते पाहतो. यातून कोणताही पैसा किंवा दाखला मिळेल असं आम्ही कबूल करत नाही, पण गरज दिसली तर कुठे जायचं ते लिहून देऊ आणि पहिल्या खेपेला सोबत येऊ. नको वाटलं तर कधीही थांबा, शाळेत काही बिघडणार नाही. सोबत जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी अर्जातल्या अंदाजपत्रकात आत्ताच धरा, नंतर समिती मान्य करत नाही. आणि निकाल वर्गासमोर किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर जाणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.