कारवानीला पट्टा की हार्नेस? पट्ट्यातून मान काढून निसटतो

मांजराकाठ (लातूर):
कारवानी जातीचा कुत्रा, नर, आठ महिन्यांचा, 19 किलो. साधा नायलॉनचा पट्टा घालतो. पुढे ओढतो तेव्हा खोकतो, आणि गल्लीतली कुत्री अंगावर आली की उलटा मागे सरकून मान काढून घेतो. दोनदा भर रस्त्यात सुटला. घट्ट केला तर घुसमटतो, सैल केला तर निसटतो. दुकानदार म्हणतो हार्नेस (छाती-पाठीवर बसणारे पट्टे) घ्या, घरचे म्हणतात हार्नेसनं कुत्रं जास्तच ओढायला लागतं.
मापं: कानांच्या मागे मान 34 सेंमी, मानेचा बुंधा 38, डोकं सगळ्यात रुंद तिथं 36, पुढच्या पायांमागे छाती 66.

काळीमाती:
मापं दिलीत ते बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. साध्या पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, म्हणजे घेर तीन-चार सेंमी वाढणार. 34 चे झाले 38, आणि डोकं 36. निसटणारच! कारवानी, पश्मी, मुधोळ या सगळ्या निमुळत्या तोंडाच्या जातींचं हेच दुखणं.
यांच्यासाठी मार्टिंगेल पट्टा असतो. एक मोठा फास मानेभोवती, त्याच्या दोन टोकांच्या कड्यांतून ओवलेला दुसरा छोटा फास, आणि साखळीचा हूक त्या छोट्याला. ताण आला की मोठा फास आवळतो, पण ठरल्या मापापर्यंतच. तुमच्यासाठी पूर्ण आवळल्यावर 34 आणि पूर्ण उघडल्यावर 38-39. रुंदी किमान 4 सेंमी, बारीक पट्टा या पातळ कातडीत रुततो. पट्टा मानेच्या बुंध्याशी नको, वर कानांच्या लगेच मागे बसवा. ओढून बघा: दोन बाजूच्या कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा मोठा झाला, त्यातूनही निसटेल.
बाजारात माप मिळालं नाही तर चपला शिवणाऱ्या कारागिराकडून जाड नवारीचा करून घ्या. कड्या वेल्डिंग केलेल्याच घ्या, नुसत्या वाकवलेल्या झटक्यात उघडतात.

गोदातीर:
मार्टिंगेलनं निसटणं थांबेल, खोकला नाही. ओढताना सगळा जोर श्वासनलिकेवर येतो. डोळ्यांवरही येतो: 2006 साली अमेरिकेत 26 कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळ्यातला पट्टा ओढल्यावर तो वाढला, हार्नेसवर वाढला नाही. पगसारखं चपट्या तोंडाचं किंवा डोळ्यांचा आजार असलेलं कुत्रं असेल तर साखळी गळ्याला लावूच नका.
तुमच्या कुत्र्याला तीन पट्ट्यांचा हार्नेस लागेल. समोरून बघितल्यावर छातीवर पट्ट्यांचा इंग्रजी वाय (Y) दिसला पाहिजे. छातीवर आडवा पट्टा असलेला घेऊ नका, तो खांद्याची हालचाल अडवू शकतो. दुसरा पट्टा कोपरापासून तीन-चार बोटं मागे, नाहीतर काखेत घासून केस जातात. तिसरा फासळ्यांच्या मागे, कंबरेच्या बारीक भागावर. कारवानीची छाती खोल आणि कंबर आत गेलेली, त्यामुळे हा तिसरा पट्टा फासळ्यांवरून पुढे येतच नाही. दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून मात्र हीच कुत्री कोपर आत ओढून दहा सेकंदांत बाहेर पडतात.
रस्त्यावर नेण्याआधी फाटक लावून अंगणात तपासा. त्याच्यासमोर उभं राहून साखळी हळूच स्वतःकडे ओढा, तो मागे सरकेल. कोपर पट्ट्यात शिरलं तर एक घर घट्ट करा.

फुपाटा:
घरचे अगदीच चुकीचं म्हणत नाहीत, ताई/दादा जे कुणी असाल. पाठीवर हूक असलेल्या हार्नेसमध्ये कुत्र्याला ओढायला सोपं जातं. बैल जुवाला खांदा लावतो तसं ते छाती लावतं. पण ओढायची सवय हार्नेस लावत नाही. ओढल्यावर हवं तिथं पोचायला मिळतं, ती सवय त्यानं लागते. म्हणून छातीवरही कडी असलेला घ्या आणि शिकवताना हूक तिथं लावा, ओढलं की कुत्रं आपोआप तुमच्याकडे वळतं. धावायचं असेल तेव्हा ती कडी नको, एका बाजूला खेचलं जातं.
साखळी ताठ झाली की थांबा, सैल झाली की चला. झटका द्यायचा नाही. बरोबर चालला की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, तुमच्या पायाशीच. एका वेळी दहा मिनिटं पुरे. घरातला एक जण जरी ओढू देत असेल तर महिनाभराची मेहनत पाण्यात.
जाता जाता: धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेर खिळे असलेला पट्टा असतो, तो लांडग्या-बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून. ते बघून काही जण आत टोचणारे काटे असलेला पट्टा आणतात. दोन्हींचा काही संबंध नाही.

मांजराकाठ:
दादाच आहे 🙂 म्हणजे दोन्ही घेऊ? आणि मे महिन्यात एवढं सगळं अंगावर घालून चालेल का?

काळीमाती:
दोन्ही. साखळी हार्नेसला, आणि हार्नेसच्या कडीपासून मार्टिंगेलच्या कडीपर्यंत वीतभर जोडपट्टी, दोन्हीकडे हूक असलेली. जोडपट्टी नेहमी सैल हवी. हार्नेस निघाला किंवा तुटला तरच ती ताठ होईल.
उन्हाळ्यात स्पंजचा जाड हार्नेस नको, जाळीचा किंवा नुसत्या पट्ट्यांचा घ्या. तरीही फिरणं सूर्य वर यायच्या आत. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववली नाही तर पंजेही भाजतील. घरी आल्यावर दोन्ही काढून ठेवा. मार्टिंगेल घालून कुत्रं एकटं सोडायचंच नाही, खाटेच्या पायात किंवा फाटकाच्या गजात अडकला की फास लागतो. नाव, फोन नंबर आणि परवान्याचा बिल्ला घरातल्या साध्या हलक्या पट्ट्यावर ठेवा, फिरायला जातानाही तो राहू द्या.

गोदातीर:
पट्ट्यांखाली रोज बोटं फिरवा. काख, गळा आणि कानांमागे गोचिड्या लपतात. पावसाळ्यात काळी माती पट्ट्यावर वाळली की कानसेसारखी घासते, साध्या पाण्यानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवल्याशिवाय घालू नका. आणि आठ महिन्यांचा आहे, छाती अजून भरायची आहे. वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी माप घ्या, हार्नेस घेतानाच छातीचं 66 सेंमी माप पट्ट्याच्या मधल्या घरावर बसेल असा निवडा, शेवटच्या घरावर नको.